‘काम करू शकत नाही’ अशी सही केली, तरी दावा टिकला

संधिवातानं बोटं आखडायला लागली तेव्हा मी डॅलसजवळच्या एका कंपनीत हिशेबाचं काम करत होते. बोलून टाइप करायचं सॉफ्टवेअर मागितलं. नकार मिळाला आणि पुढे नोकरीही गेली. घराचे हप्ते थांबत नव्हते, म्हणून सोशल सिक्युरिटी या अमेरिकी सरकारी खात्याकडे एसएसडीआयचा, म्हणजे अपंगत्व भत्त्याचा अर्ज केला. आजारामुळे काम करता येत नाही, असं त्यात लिहून द्यावं लागतं. आणि ईईओसीकडे (नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी घेणारी सरकारी संस्था) ३०० दिवसांच्या मुदतीत केलेल्या तक्रारीत माझं म्हणणं असं, की सोय दिली असती तर मी काम केलं असतं.

पुढे खटल्यात डिपॉझिशनच्या, म्हणजे सुनावणीआधीच्या शपथेवरच्या जबानीच्या वेळी कंपनीच्या वकिलांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून विचारलं, ‘‘यातलं खरं कुठलं?’’ मला घाम फुटला. आमच्या वकीलबाई मात्र निवांत होत्या. टेक्सासातच सुरू झालेल्या कॅरोलिन क्लीव्हलंड खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्ये एकमतानं सांगितलंय, की भत्ता मागितला म्हणून भेदभावाचा दावा आपोआप बुडत नाही. सोशल सिक्युरिटी भत्ता ठरवताना सोयीसवलतींचा हिशेब धरत नाही. अपंगांसाठीचा १९९० चा एडीए कायदा धरतो. म्हणून दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात. मात्र विसंगती का दिसते ते पटेल असं सांगायची जबाबदारी दावा करणाऱ्यावर.

ते सांगण्यासाठी प्रतिज्ञापत्र केलं. त्यात वकीलबाईंनी सगळा भर दिला तो भत्त्याच्या अर्जासोबतच्या फंक्शन रिपोर्टवर, म्हणजे रोजचं काय जमतं आणि काय नाही ते लिहायच्या फॉर्मवर. ‘दहा मिनिटांहून जास्त टाइप करता येत नाही, बोलायला-वाचायला अडचण नाही’ असं मी त्यात लिहिलं होतं. भत्त्यालाही तेच कारण, सॉफ्टवेअर मागण्यालाही तेच! ‘खुर्चीत बसवतच नाही, डोकं चालत नाही’ असलं काही तिथं असतं तर अवघड होतं, असं त्या म्हणाल्या. त्या निकालानं वाचवलंय ते ‘काम करू शकत नाही’ या ठोकळ विधानाला. प्रत्यक्ष वस्तुस्थितीच उलटसुलट सांगितली असेल तर ती वेगळी गोष्ट. (भत्त्याचा अर्ज भरून देणारा आणि खटला लढणारा वकील बहुधा वेगळे असतात. दोघांना एकमेकांचे कागद दाखवा, माझं एवढं ऐकाच.)

खटला सुरुवातीलाच निकालात काढावा ही कंपनीची मागणी न्यायाधीशांनी फेटाळली. मग मध्यस्थीत तडजोड झाली. आकडा सांगायची मनाई आहे. सध्या ट्रायल वर्क पिरियडमध्ये, म्हणजे भत्ता चालू ठेवून काम करून पाहायच्या काळात, एका छोट्या ऑफिसात जाते. असे नऊ महिने कमाई केली तरी भत्ता बंद होत नाही, फक्त कमाई कळवत राहायची.