पावसाळ्यात मी नक्की काय करते, तुम्ही विचारलंत म्हणून

"ताई, पावसाळ्यात काय ट्रेनिंग करता?" हा प्रश्न मला वर्षभर येतच असतो, पण जानेवारी 2026 मध्ये पुण्यात ग्रँड टूर ही सायकल रेस झाली तेव्हापासून आठवड्याला दोन-तीन मेसेज तरी असतात, आणि बहुतेकांना हवा असतो एक चार्ट. चार्ट आहे माझ्याकडे. पण या वर्षी तो मी पार बदललाय, आणि का बदलला ते न सांगता नुसते आकडे दिले तर तुमच्या काही कामाचे नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी सांगलीची, सायकल रेसर. आमचा सीझन साधारण दसऱ्यानंतर चालू होतो, राज्य निवड, नॅशनल्स, मधेमधे गावोगावच्या इनामाच्या रेसेस, आणि होळीपर्यंत संपतो. कारखान्यांचा गळीत हंगामही जवळपास याच महिन्यांतला. माझे पप्पा साखर कारखान्यात मिल हाऊसला फिटर होते, त्यामुळे "ऑफ सीझन" हा शब्द मी सायकलिंगच्या आधी घरात ऐकलाय. लहानपणी मला वाटायचं हंगाम संपला की पप्पांना सुट्टी, तर उलटंच, तेव्हाच ते जास्त दमून यायचे, कारण तेव्हा सगळी मिल खोलतात. रोलर बाहेर काढायचे, झिजलेल्या खाचा परत पाडायच्या, बेअरिंग बघायचे. चांगली चाललेली मिल असली तरी खोलायचीच, हंगामात बंद पडली तर गव्हाणीपासून, म्हणजे ऊस मिलमध्ये टाकतात तिथून, गेटपर्यंत उसाच्या ट्रॉल्या उभ्या राहतात.

हे सगळं डोळ्यांसमोर असून मी स्वतः मात्र सहा वर्षं ऑफ सीझनमध्ये मिल चालूच ठेवली. जूनपासून गॅलरीत ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड), आठवड्यातले सहा दिवस, दीड तास, घाम टपकेपर्यंत, ना धड हळू ना धड जोरात अशी ती मधली पॉवर, जिला सगळे स्वीट स्पॉट म्हणतात. रविवारी उपाशीपोटी काळी कॉफी पिऊन तीन तास बाहेर. वजन 50 च्या खाली ठेवायचं, कारण पन्हाळ्याच्या चढाला प्रत्येक किलो जाणवतो. एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल एवढी पॉवर, 204 वॉट होता आणि तो ऑक्टोबरपर्यंत 204 च राहिला पाहिजे, एवढंच डोक्यात. टिकायचाही. आणि डिसेंबर उजाडला की पायातला जोर गेलेला असायचा, शेवटच्या 200 मीटरला उठून मारायला गेलं तर काही नाहीच आत.

गेल्या सीझनला त्यात अजून एक भर पडली. माझी पाळी बंद झाली. एक महिना, दोन महिने करत करत सात महिने. मी कोणाला बोलले नाही, आणि खरं सांगायचं तर बरंच वाटत होतं, रेसच्या दिवशी ती कटकट नको, आणि आमच्यातल्या बऱ्याच मुली "ट्रेनिंग जोरात असलं की होतं असं" म्हणतात तेच मीही धरून चालले होते. मार्चमध्ये घोट्याजवळ दुखायला लागलं म्हणून डॉक्टरांकडे गेले, त्या बाईंनी घोटा बघायच्या आधी पाळीचं विचारलं. मग थायरॉइड, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), डी व्हिटॅमिन आणि हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन. मणक्याचा झी-स्कोर, म्हणजे आपल्या वयाच्या सरासरीच्या तुलनेत हाडं कुठे आहेत तो आकडा, उणे 1.7 आला. 29 व्या वर्षी.

हे नीट समजून घ्या, खास करून मुलींनी. सायकल चालवताना शरीराचं वजन सीट पेलते, हाडांना दणका बसतच नाही, म्हणून फुफ्फुसं आणि हृदय कितीही भारी असलं तरी सायकलिंगने हाडं मजबूत होत नाहीत. त्यात खाणं कमी पडलं की शरीर आधी जगायला लागतं तेवढं चालू ठेवतं आणि बाकीचं बंद करत जातं, पाळी त्यात आधी जाते, आणि पाळीबरोबर इस्ट्रोजेन गेलं की हाडांची भरपाई मंदावते. याला रेड-एस म्हणतात, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक कमिटीने 2014 मध्ये हे नाव दिलं, आणि मुलांनाही होतं हे, फक्त त्यांना पाळीसारखी दिसणारी खूण नसते. मी जे फिट असल्याचं लक्षण समजत होते ते नेमकं उलटं होतं.

तर आता या वर्षीचं रुटीन.

एप्रिलचे चार आठवडे सायकल पूर्ण बंद. चाकाची हवासुद्धा बघितली नाही. याची सगळ्यांना भीती वाटते म्हणून सांगते, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जो फॉर्म पडतो त्यातला मोठा भाग रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा कमी झाल्यामुळे असतो, त्यामुळे हृदय एका ठोक्याला कमी रक्त ढकलतं, आणि परत चालू केलं की ते लवकर भरून येतं. वर्षानुवर्षांचा पाया चार आठवड्यांत उडून जात नाही.

मे पासून जिम, आठवड्यातून दोनदा. पहिला महिना नुसता रिकामा 20 किलोचा रॉड, कंबरेतून वाकायचं कसं, गुडघा कुठे जातो, एवढंच. सहा वर्षं रेसिंग करून मला धड बैठक मारता येत नव्हती, गुडघे आत पडायचे. आता स्क्वॉट 55 किलो, पाच-पाचचे सेट, डेडलिफ्ट 70. जास्त वजन, कमी रेप्स, मधे तीन मिनिटं निवांत बसायचं. आणि रोज दोरीवरच्या 50 उड्या, घोटा बरा झाल्यावरच चालू केल्या, हाडांना थोडाच पण खरा दणका पाहिजे म्हणून. हाड मात्र सावकाश ऐकतं, पुढचा स्कॅन वर्षानेच करायला सांगितलाय.

सायकल आठवड्यातून चार दिवस, आणि यातलीही तीन राईड एकदम हळू. बोलता येईल इतपत, हार्ट रेट 135 च्या वर नाही. सांगलीत पाऊस तसा बेताचाच, पण कोयनेतून पाणी सोडलं की कृष्णा चढते, सकाळी उठल्यावर आधी आयर्विन पुलाची पातळी बघायची, 40 फुटांना इशारा, 45 ला धोका, 2019 ला तर 57 फुटांवर गेलं होतं ते आम्ही कोणी विसरलो नाहीये. म्हणून पावसाळ्यात मी पूर्वेला जाते, मिरजेवरून दंडोबाचा डोंगर, पुढे कवठेमहांकाळ, तिकडे रस्ता बऱ्यापैकी कोरडा मिळतो आणि ट्रॉल्याही नसतात. हळू चालवणं हे या सगळ्यात मला सगळ्यात जड गेलं, वजनं परवडली. कॉलेजची पोरं हात करून पुढे जातात आणि तुम्ही 135 धरून बसायचं. पहिले तीन आठवडे मी दोनदा त्यांच्या मागे लागले आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी जिममध्ये पाय उचलेनात, मग समजलं.

चौथा दिवस चढावर, जड गिअरला, 55 च्या आसपास कॅडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे), पाच मिनिटांचे चार सेट. बास. गॅलरीतला ट्रेनर आता फक्त मुसळधार पावसाला.

आणि खाणं. उपाशी राईड बंद म्हणजे बंद. निघायच्या आधी पोहे नाहीतर भाकरी-दूध, आणि दीड तासाच्या वर राईड असली की तासाला 50-60 ग्रॅम कार्ब, म्हणजे दोन केळी धरा, किंवा एक केळ आणि राजगिऱ्याच्या वड्या. संध्याकाळी नाचणीची भाकरी, 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि आई तिळाची चटणी करते ती. डी व्हिटॅमिनच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्यात, तुमचं तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

आकडे विचारणार तुम्ही, माहितीये. वजन चार किलो वाढलं, 53.5. एफटीपी जूनमध्ये 185 पर्यंत खाली आला, सप्टेंबरच्या टेस्टला 197. म्हणजे मी अजून गेल्या वर्षीच्या मागेच आहे, आणि या वर्षी काय होईल ते मला सांगता येत नाही. पण पाच सेकंदांची पॉवर माझ्या आजवरच्या आकड्यांपेक्षा जास्त आलीये. आणि जुलैमध्ये पाळी आली, त्या दिवशी मी बाथरूममध्ये बसून रडले, मग आईला सांगितलं. तुमची तीन महिने आली नसेल तर मला मेसेज करू नका, आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, मग मेसेज करा.

इंटरव्हल, म्हणजे मधे आराम घेत जोरात मारायचे तुकडे, सोमवारपासून चालू, दंडोबावर, चार मिनिटांचे चार, ट्रॉल्या रस्त्यावर यायच्या आत जेवढे होतील तेवढे. सायकल मात्र आत्ता जागेवर नाहीये. पप्पांनी सकाळपासून बाहेर पेपर अंथरून तिचा हँडलकडचा हेडसेट आणि पेडलकडचं बॉटम ब्रॅकेट खोललंय, डिझेलच्या वाटीत बेअरिंग पडलेत, आणि मी म्हटलं ते चांगले चाललेत की, तर मान वर न करता म्हणाले, "चालू दे, बघायचं असतं."