ऑर्डर दिसली नाही म्हणजे स्पिन लिक्विड सापडलं असं नसतं

एमएस्सीला असताना फळ्यावर तो त्रिकोण पहिल्यांदा बघितला आणि तेव्हापासून हा विषय डोक्यातून गेलेलाच नाहीये. तीन कोपऱ्यांवर तीन स्पिन, म्हणजे अणूंचे इवलेसे चुंबक, प्रत्येकाला शेजाऱ्याच्या उलट तोंड करायचंय, दोघांचं जमतं पण तिसऱ्याने वर बघितलं काय न् खाली बघितलं काय, एकाशी तरी बिनसणारच. हेच फ्रस्ट्रेशन. अशा त्रिकोणांच्या थरात स्पिन कितीही थंड केले तरी गोठणार नाहीत, कुठली ठरावीक रचना म्हणजे ऑर्डर धरणार नाहीत, एकमेकांत गुंतून हलतच राहतील, ही स्पिन लिक्विडची कल्पना भौतिकशास्त्रज्ञ फिलिप अँडरसन यांनी 1973 मध्ये मांडली आणि लोक अजून तो खराखुरा पदार्थ शोधतायत.

मग आलं इटर्बियम मॅग्नेशियम गॅलियम ऑक्साइड. यात स्पिन असतात इटर्बियमवर, त्याचा त्रिकोणी थर एकदम स्वच्छ, आणि 2016 मध्ये न्यूट्रॉन मारून बघितलं तर ऑर्डर असली की दिसणारे टोकदार पीक्स कुठेच नाहीत, सगळा पसरट सिग्नल. मला खरंच वाटलेलं की सापडलं! पण त्याच वर्षी थर्मल कंडक्टिव्हिटी मोजली गेली, लिक्विडमधले हलते स्पिन उष्णता वाहून नेतील अशी अपेक्षा होती, पण तसं काही दिसेना, तिथे मी अडकले.

घोळ होता थरांच्या मधल्या जागेत. तिथे मॅग्नेशियम आणि गॅलियम निम्मे निम्मे, कोण कुठे बसेल याचा काही नेम नाही, आणि एकाचा चार्ज 2+ तर दुसऱ्याचा 3+, त्यामुळे प्रत्येक इटर्बियमच्या वाट्याला येणारं इलेक्ट्रिक फील्ड वेगळं आणि शेजाऱ्याशी असलेलं नातंही जागोजागी कमीजास्त. 2017 च्या एका थिअरी पेपरने दाखवलं की ही सरमिसळ, म्हणजे डिसऑर्डर, नसती तर पट्ट्यापट्ट्यांची साधी ऑर्डर आली असती, डिसऑर्डरमुळे तिचे वेगवेगळ्या दिशांचे छोटे छोटे तुकडे होतात आणि न्यूट्रॉनला त्या सगळ्यांची सरासरी दिसते, जी हुबेहूब लिक्विडसारखी वाटते. पुढे 0.1 केल्विनच्या आसपास एसी ससेप्टिबिलिटीत (बदलत्या चुंबकीय फील्डला मिळणाऱ्या प्रतिसादात) स्पिन ग्लाससारखी, म्हणजे स्पिन वाट्टेल त्या दिशांना गोठल्यासारखी, खूणही मिळाली.

साध्या लोहचुंबकात थोडी भेसळ खपून जाते. इथे मात्र कितीतरी अवस्था एनर्जीने एकमेकींना इतक्या खेटून असतात की जराशा डिसऑर्डरनेही पारडं फिरतं, म्हणून माझ्या मते आधी क्रिस्टलमध्ये कोण कुठे बसलंय ते बघावं, मग पसरट सिग्नलवर बोलावं.

सध्या माझं लक्ष सोडियम इटर्बियम ऑक्साइडवर आहे. थरांच्या मधे नुसता सोडियम, आणि बाहेरून चुंबकीय फील्ड न लावता 50 मिलिकेल्विनपर्यंत ऑर्डर दिसलेली नाही. पसरट सिग्नल तिथेही आहे, पण तिथे तो मॅग्नेशियम-गॅलियमवर ढकलता येत नाही.