टाकीचं अस्तर : बरण्यांतल्या पट्ट्या आणि आतून पाहिलेली टाकी

गाडीच्या जुन्या पेट्रोल टाकीत अखेर कॅमेरा सोडला. आतून दोन भागांच्या इपॉक्सीचं (दोन द्रव मिसळले की कडक होणाऱ्या राळेचं) अस्तर दिल्यापासून या टाकीने इथेनॉल मिसळलेलंच पेट्रोल पाहिलं आहे. पाणी साचतं ते तळाशी, त्यामुळे वाट लागली असेल तर तिथेच, असं धरून चाललो होतो. तळ मात्र धडधाकट निघाला. पिवळट पडलाय, चमक गेलीय, पण सलग आहे. घोळ आहे तो वर, तोंडाच्या वळलेल्या कडेखाली, आणि पेट्रोल कॉकच्या, म्हणजे पेट्रोल सोडायच्या तोटीच्या, आट्यांभोवती. दोन्ही ठिकाणी अस्तराची कड नखभर उचलली आहे.

तोंडाजवळची कड चिमट्यात धरून ओढली, तर बोटभर रुंद पापुद्रा सोलून आला. त्याची पत्र्याकडची बाजू बघण्यासारखी आहे. घासकामाचे ओरखडे जसेच्या तसे उमटलेत आणि त्यांवर तपकिरी भुकटी बसलीय. म्हणजे लेप बसला होता चांगलाच. नंतर कडेने ओल शिरली आणि गंजाने त्याला खालून उचललं. बाहेर काढला तेव्हा पापुद्रा चामड्यासारखा वाकत होता. उघड्यावर ठेवल्यावर हळूहळू कडक झाला, वळला, आणि आता वाकवला की कटकन मोडतो.

या वाकण्या-मोडण्यातच बरंचसं उत्तर आहे. इथेनॉलचा रेणू लहान आणि ध्रुवीय (पाण्यासारखाच, एका टोकाला किंचित धन, दुसऱ्याला ऋण) असतो. तो लेपाच्या जाळीत शिरतो, लेप किंचित फुगतो, मऊ पडतो. पेट्रोल उतरलं की इथेनॉल उडतं आणि लेप पुन्हा आकसतो. तळ जवळजवळ कायम बुडालेला, त्यामुळे तो एकदा काय फुगायचा तो फुगून स्थिरावतो. तोंडाजवळचा पट्टा मात्र दर भरणीला भिजतो आणि सुकतो, आणि लेपाची कडही नेमकी तिथेच संपते.

त्यात तापमानाची भर. पोलाद एका अंशाला मीटरमागे सुमारे १२ मायक्रोमीटर वाढतं, इपॉक्सी साधारण ५० ते ६०. उन्हात उभ्या गाडीच्या अर्धा मीटर लांब टाकीत ४० अंशांचा फरक पडला, तर पत्रा पाव मिलिमीटरही वाढत नाही. लेप मोकळा असता तर मिलिमीटरभर वाढला असता. तो चिकटलेला असल्यामुळे वाढू शकत नाही, आणि ही सगळी ओढाताण कडांवर येऊन पडते. मधला भाग आरामात असतो. म्हणून ‘आत बघितलं, छान चकचकीत आहे’ या वाक्याला माझ्या लेखी फारशी किंमत नाही. कड दाखवा.

आता बरण्या. नव्यांसाठी थोडक्यात: साध्या पत्र्याच्या पट्ट्या कापल्या, काही नुसत्या घासल्या, काही गंज काढणाऱ्या फॉस्फोरिक आम्लातून काढल्या, आणि त्यांवर तीन जातींचे लेप दिले. एक इपॉक्सी, एक हवेतल्या ओलीने पक्का होणारा एकभागी, आणि एक विद्रावक उडून गेल्यावर रबरासारखा राहणारा. मग काचेच्या बरण्यांत साधं पेट्रोल, १० टक्के इथेनॉलवालं, २० टक्केवालं, आणि एका बरणीत तळाशी मुद्दाम पाणी. काही पट्ट्या पूर्ण बुडवल्या, काही अर्ध्या. सगळं घराबाहेर, सावलीत, ठिणगीपासून लांब.

साध्या पेट्रोलात कुणालाच काही झालेलं नाही, त्या बरणीवर शब्द खर्च करत नाही. रबरी लेपाला २० टक्क्यांच्या बरणीत नखाने ओरखडा पडतो आणि पेट्रोलला त्याचा रंग लागलाय. हवेत ठेवला की पुष्कळसा सावरतो. पत्रा ठोकला, वाकवला तरी तडकत नाही हा त्याचा गुण मात्र खरा. एकभागी लेप तिघांत सर्वांत कडक आहे, पण नुसत्या घासलेल्या पट्टीवरून तो अख्खा, एका तुकड्यात सुटला. आम्लातून काढलेल्या पट्टीवर तोच लेप पात्याने खरवडूनही निघेना. लेप एकच, डबाही एकच. इपॉक्सीचं वजन सुरुवातीला वाढत गेलं आणि मग थांबलं. पट्टी सुकवली की पुन्हा कमी होतं.

अर्ध्या बुडवलेल्या पट्ट्यांनी टाकीचीच साक्ष दिली. पेट्रोलच्या पातळीची रेघ जिथे वरखाली होत राहिली, तिथेच पहिले फोड आले.

पाण्याची बरणी सर्वांत बोलकी. १० टक्के इथेनॉलचं पेट्रोल साधारण १५ अंशांना अर्धा टक्का पाणी पोटात घेऊ शकतं. त्याहून जास्त झालं, किंवा थंडी वाढली, की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर खाली बसतं. म्हणजे लेपाचा तळचा भाग पेट्रोलात राहतच नाही, तो असतो पाणी आणि इथेनॉलच्या दाट मिश्रणात. डब्यावर ‘पेट्रोलला दाद देत नाही’ असं लिहिलेलं असतं ते खोटं नाही, पण प्रश्न त्या खालच्या थराचा आहे. माझ्या बरणीत तिथे मोहरीएवढ्या फोडांची रांग उठली. एक फोड सुईने फोडला तर आत पाण्याचा थेंब आणि खाली काळा डाग. धुताना पत्र्यावर राहिलेला क्षारही लेपाआडून पाणी ओढून घेतो, म्हणून शेवटचं धुणं शुद्ध पाण्याने करावं. २० टक्क्यांचं पेट्रोल पाणी जास्त सामावतं हे खरं, पण लेपावरचा इथेनॉलचा माराही तितकाच वाढतो.

दुसरी टाकी सध्या कामात आहे. आतला पांढरा लेप आधीच्या मालकाच्या काळातला, आणि त्याचे पोपडे कार्ब्युरेटरच्या जेटपर्यंत, म्हणजे पेट्रोल जातं त्या बारीक भोकापर्यंत, पोचलेले. सुटणाऱ्या लेपावर नवा लेप द्यायचा नाही, यावर माझ्याकडून चर्चा बंद. नवा कितीही चांगला असला तरी त्याची पकड जुन्याच्या पकडीएवढीच. हा पांढरा एमईके (मिथाइल इथाइल कीटोन) या विद्रावकाने विरघळला, वेळ लागला पण गेला. पक्क्या इपॉक्सीला मिथिलीन क्लोराइड हा जहाल विद्रावक लागतो, आणि तो शरीरात गेला की त्याचा विषारी कार्बन मोनॉक्साइड होतो. त्यामुळे ते काम उघड्यावरच, आणि ज्याला जमतं त्याच्याकडून.

लेप निघाल्यावर शिवणीजवळ सुईच्या अग्राएवढी भोकं दिसली. ती वितळलेल्या धातूचा डाग देऊन बुजवून घेतली. भोक बुजवणं हे लेपाचं काम नाही. तिथे त्याच्या पाठीशी पत्राच नसतो. डाग देण्याआधी टाकी धुऊन, वाफ काढून, पुन्हा धुतली. हवेत पेट्रोलची वाफ जेमतेम दीड टक्का असली तरी भडका उडतो, आणि ‘रिकामी’ टाकी नेमकी त्याच अवस्थेत असते.

मग नटबोल्ट टाकून खळखळवणं, सोड्याचं धुणं, फॉस्फोरिक आम्ल, आणि नंतरची धावपळ. ओला उघडा पत्रा बघता बघता तांबूस होतो. त्यामुळे पाण्यामागोमाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, त्यामागोमाग गरम हवा, मध्ये चहालाही उठायचं नाही. झिंकचा मुलामा असलेल्या टाकीला हे आम्ल मुलाम्यासकट धुऊन काढतं, हे आधी बघून ठेवा.

लेप ओतणं हा सोपा भाग. टाकी सगळ्या बाजूंनी फिरवली, उरलेला माल निथळू दिला, आणि टाकीतली वाफ बाहेर सोडणाऱ्या बारीक नळीतून अधूनमधून हवा फुंकत राहिलो, नाहीतर ती आतून बुजते. कोपऱ्यात साचलेलं डबकं पुसून घेतलं. जाड थर वरून कडक आणि आतून कच्चा राहतो, आणि ओलीने पक्क्या होणाऱ्या लेपात तर आतला कार्बन डायऑक्साइड बुडबुडे करून जातो. या वेळी तोंडाची कड आतल्या आत संपवली नाही. लेप ओठावरून बाहेर आणला, म्हणजे शेवटची रेघ पेट्रोलच्या वाफेत न येता झाकणाच्या रबराबाहेर येईल. कॉकच्या आट्यांत ग्रीस लावलेला बोल्ट होता. लेप अर्धवट पक्का असतानाच तो काढला आणि कड धारदार पात्याने साफ कापली.

तोंडाला नाक लावलं तर विद्रावकाचा वास अजून येतो, म्हणजे पेट्रोल आत्ताच नाही. डब्यावर लिहिलेली सुकण्याची मुदत उलटून गेली असली तरी. भरल्यावर कॉकच्या खाली पारदर्शक फिल्टर बसवणार आहे, पोपडा सुटला तर जेटच्या आधी डोळ्याला दिसेल. याच मालातून रंगवलेल्या पट्ट्या २० टक्क्यांच्या बरणीत गेल्यात, अर्ध्या बुडवून. या खेपेला काहींच्या कडा मुद्दाम कापून उघड्या ठेवल्यात, काहींच्या लेपाने गुंडाळल्यात. कुणाकडे ॲल्युमिनियमच्या टाकीतलं जुनं अस्तर असेल तर त्याच्या कडेचा फोटो हवा आहे. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट वाढतं, त्यामुळे तिथे ओढाताण कमी पडायला हवी.