लेसोथोला जाण्याआधीची आमची तयारी

नवऱ्याकडे अमेरिकेचं कमर्शियल पायलट लायसन्स आहे आणि विमान दुरुस्तीचं ए अँड पी सर्टिफिकेटही. त्यामुळे आम्ही मिशन एव्हिएशनसाठी, म्हणजे दुर्गम भागात विमानाने करायच्या ख्रिस्ती सेवेसाठी, अर्ज केला तेव्हा नगरच्या नातेवाइकांना वाटलं, आता महिन्या-दोन महिन्यांत ही मंडळी आफ्रिकेत. प्रत्यक्षात या सगळ्यात विमान चालवणं हाच सरळ भाग निघाला.

आमची संस्था मिशन एव्हिएशन फेलोशिप, म्हणजे मॅफ. दुसऱ्या महायुद्धात विमानं उडवलेल्या ख्रिस्ती वैमानिकांनी ती 1945 मध्ये सुरू केली. तिचं पहिलं उड्डाण एका बाईने केलं. बेटी ग्रीन तिचं नाव. 1946 च्या फेब्रुवारीत ती वाको जातीचं दुपंखी विमान घेऊन मेक्सिकोला गेली. हे मी आवर्जून सांगते, कारण “तो विमान चालवेल, पण तू तिथे काय करणार?” हा प्रश्न मला फार विचारला गेला. संस्थेने तो तसा विचारलाच नाही. अर्ज दोघांचा, मुलाखती दोघांच्या, पाचारणाची साक्ष, म्हणजे देवाने या सेवेला बोलावलं असं का वाटतं ते, दोघांनी वेगवेगळी लिहून द्यायची. आमचं भांडण झालं की आधी कोण बोलतं इथपर्यंत चौकशी झाली. मला ते योग्य वाटलं. परक्या देशात घर कोलमडलं तर विमानही उभंच राहतं.

लेसोथो चहूबाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला डोंगराळ देश. त्यातली सगळ्यात खोल जागासुद्धा समुद्रसपाटीपासून सुमारे 1,400 मीटरवर आहे. डोंगरातल्या काही दवाखान्यांपर्यंत धड रस्ता जात नाही. तिथे सरकारच्या फ्लाइंग डॉक्टर सेवेसाठी मॅफची छोटी विमानं डॉक्टर, नर्स आणि औषधं नेतात, अत्यवस्थ पेशंटला घेऊन येतात. माझी आजी मिरजेच्या वानलेस हॉस्पिटलात नर्स होती. लांबच्या खेड्यांतून बैलगाडीत घालून आणलेल्या बाळंतिणींबद्दल ती सांगायची. डॉक्टर होते, औषध होतं, मध्ये वाट होती. त्यामुळे या कामाचं महत्त्व मला कुणी पटवून द्यावं लागलं नाही.

प्रशिक्षण आयडाहोतल्या नॅम्पाला, संस्थेच्या मुख्यालयात झालं. तिथल्या डोंगरांतल्या आखूड, चढ-उताराच्या धावपट्ट्यांवर नवऱ्याला पुन्हा नवशिक्यासारखं उभं केलं गेलं. काही पट्ट्यांवर चढाच्या बाजूने उतरायचं आणि उताराच्या बाजूनेच उडायचं. उतरताना एक बिंदू ठरलेला असतो, त्यापुढे गेलात की माघार नाही, उतरावंच लागतं. उंचीवर उन्हाळा वाढला की हवा आणखी विरळ होते. 2,300 मीटरवरच्या पट्टीवर 25 अंश तापमान असेल, तर विमानाला ती सुमारे 3,200 मीटरवर असल्यासारखी वागते. इंजिनाची ताकद घटते, पंखांना उचल कमी मिळते, धावायला जास्त लांबी लागते.

रात्री जेवणानंतर तो टेबलावर वजनाचे कागद पसरून बसायचा. विमानाचं पेट्रोल लिटरला 0.72 किलो. म्हणजे शंभर लिटर जादा भरलं की 72 किलो गेले, एक मोठा माणूस खाली राहिला. कमी भरावं, तर हवा बिघडल्यावर परत फिरायला इंधन हवं. आमची मुलगी आठ वर्षांची. तीसुद्धा पेन्सिल घेऊन शेजारी बसायची आणि बाबाला विचारायची, “मग पेशंटची आई कुठे बसणार?” तो नव्याने बेरीज करायचा.

खरा वेळ गेला तो आर्थिक पाठिंबा उभा करण्यात. इथे नोकरीसारखा पगार नसतो. ओळखीची माणसं आणि मंडळ्या, म्हणजे चर्च, दरमहा काही देण्याचं वचन देतात, ते संस्थेत आमच्या नावे जमा होतं आणि त्यातून आमचा खर्च चालतो. पूर्ण आकडा जमल्याशिवाय निघता येत नाही. दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, देवासाठी काढून ठेवायचा, पण कुणापुढे हात पसरायचा नाही, अशा घरात मी वाढले. पहिल्या काही घरी मी कामाचं वर्णन करत राहायचे आणि पैशांचा विषय आला की चहाचे कप उचलायला उठायचे. शिकवणाऱ्यांनी सांगितलं होतं: रक्कम स्पष्ट बोला आणि मग गप्प बसा. ते गप्प बसणं फार जड जातं. पण हळूहळू कळलं की लोकांना हिशेब ऐकायचा असतो. एका मराठी प्रार्थना सभेत एका काकांनी विमा, मुलांची शाळा, परतीची तिकिटं, सगळं खोदून विचारलं. मला वाटलं, हे काही देत नाहीत. दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला, “आम्ही दरमहा देऊ, आणि दर महिन्याला पत्र पाहिजे.”

निम्म्यावर येऊन गाडी बरेच महिने अडकली. तेव्हा आम्ही नगरला गेलो होतो. भारतातल्या कुणाकडून पैसे घ्यायचे नाहीत, फक्त प्रार्थना मागायची, असं आमचं ठरलेलं. तरी निघताना भगिनी मंडळाने सासूबाईंच्या हाती पाकीट दिलं. बहुतेक नोटा दहा-वीसच्या, नीट घडी केलेल्या. नको म्हणणं म्हणजे त्यांना कमी लेखणं झालं असतं. त्या पैशांतून नवऱ्याने उडताना मांडीला बांधायची लिहायची पाटी घेतली.

आता वचनं पूर्ण झाली आहेत, पेट्या बांधून झाल्या आहेत. लेसोथोच्या राजधानीत, मासेरूला पोचल्यावरही नवऱ्याला लगेच एकट्याने उडता येणार नाही. अनुभवी पायलटबरोबर एकेका धावपट्टीवर उतरून दाखवायचं, त्याची सही मिळाली की मगच ती पट्टी खुली. आम्ही बाकीचे तोवर तिथली सेसोथो भाषा शिकणार.

या सेवेचा विचार करणारी तरुण जोडपी हल्ली मला फोन करतात. मी त्यांना आधी कर्ज फेडायला सांगते. उड्डाणाचं शिक्षण महाग असतं, आणि त्या हप्त्यांमुळेच आमचा अर्ज मुळात इतका उशिरा गेला.