कॉक बंद केल्यावरचा आवाज

मामाची आरएक्स १००, म्हणजे यामाहाची जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल, गेली दोन वर्षं माझ्याकडे आहे. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत जिन्याखाली एक कोपरा आहे, तिथे ती उभी असते. या दोन वर्षांत ती दोनदा जाम झाली, म्हणजे चालता चालता पिस्टन आत अडकला.

पहिल्यांदा कात्रजच्या जुन्या घाटात. बोगदा दोन वळणांवर राहिला होता, गाडी तिसऱ्यावर मस्त खेचत होती आणि अचानक आवाज पातळ झाला. मागून कुणीतरी धरून ओढल्यासारखं वाटलं आणि मागचं चाक घासलं. मामाने शिकवलं होतं की टू-स्ट्रोक चालवताना दोन बोटं कायम क्लचवर ठेवायची, म्हणून मी पडले नाही. क्लच दाबला, कडेला घेतली. पंधरा मिनिटांनी इंजिन गार झाल्यावर किक परत खाली गेली, पण किकमध्ये पूर्वीचा जीव राहिला नव्हता.

गाडी एका गॅरेजमध्ये दिली. त्यांनी ब्लॉक बोअर केला (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते भोक घासून मोठं केलं), नवा पिस्टन बसवला, कार्बोरेटर साफ केला. गाडी आयडलिंगला रेस धरून ठेवत होती, म्हणून आयडलिंगचा स्क्रू जवळजवळ पूर्ण सैल केला, हवेचा स्क्रू आत घातला आणि "आता बघा, शांत झाली" म्हणून माझ्या हातात दिली. आठ महिन्यांनी खडकवासल्याहून येताना ती पुन्हा जाम झाली. पिस्टन नवा, रिंगा नव्या, ऑइलची टाकी भरलेली.

दुसऱ्या वेळी मी ती कुठेही दिली नाही. मी भोसरीत एका टूलरूममध्ये क्वालिटीत काम करते. दिवसभर मायक्रोमीटर आणि बोअर गेज हातात असतात. ब्लॉक काढला आणि एका शनिवारी काम संपल्यावर साहेबांची परवानगी घेऊन मोजला. आरएक्स १००चा मूळ बोअर ५० मिलिमीटरचा, स्ट्रोकही ५०च. आमच्या ब्लॉकमध्ये गॅरेजच्या भाषेत 'पन्नासचा' पिस्टन होता, म्हणजे मूळ मापापेक्षा ०.५०, अर्धा मिलिमीटर मोठा. ज्यांनी ही कामं केली नाहीत त्यांच्यासाठी सांगते: बोअर पाव-पाव मिलिमीटरने वाढवत नेतात. पंचवीस, पन्नास, पंच्याहत्तर, शंभर. दर वेळी जाम झाली की ब्लॉकच्या आयुष्यातली एक पायरी कमी होते. ही गाडी १९८५ ते १९९६ एवढीच वर्षं निघाली. तिचे चांगले मूळ ब्लॉक आता शोधत फिरावं लागतं. मला उरलेल्या दोन पायऱ्या अशा वाया घालवायच्या नव्हत्या.

पिस्टन हातात घेतला तेव्हा सायलेन्सरच्या बाजूला उभे ओरखडे होते, ॲल्युमिनियम वितळून भिंतीला पुसलं गेल्यासारखे. प्लग पांढरा, खडूसारखा. म्हणजे इंजिन पेट्रोल कमी आणि हवा जास्त खात होतं. अशा वेळी ज्वलन जास्त तापतं आणि पेट्रोलबरोबर येणारा गारवाही कमी पडतो. बिडाच्या ब्लॉकपेक्षा ॲल्युमिनियमचा पिस्टन जास्त फुगतो. मधली फट संपली की गाडी जाम.

जास्तीची हवा येते कुठून, हा खरा प्रश्न होता. गॅरेजमध्ये तो कुणी विचारला नाही याचं मला आजही वाईट वाटतं. रेस चढते म्हटल्यावर रेस उतरवली, एवढंच झालं.

मामा आता चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. त्याने ही गाडी १९९१ साली घेतली. आकुर्डीत बजाजचा कारखाना आणि गल्लोगल्ली चेतक, अशा पुण्यात सगळ्यांनी त्याला स्कूटर घे म्हणून सांगितलं होतं. त्याने ऐकलं नाही. कसब्यातल्या वाड्याच्या दिंडीतून तो ती हाताने आत न्यायचा, कारण रात्री गाडी सुरू करून आणली की आजोबा उठायचे. गुडघ्यांमुळे चालवणं सुटलं, तशी माझ्या स्वाधीन केली.

दुसऱ्या जाममधून गाडी सावरल्यावर (पिस्टन साफ करून, बारीक पॉलिश पेपर मारून, तात्पुरती) मी त्याला फोन लावला आणि फोन इंजिनाजवळ धरला. आयडलिंगला ती कधी खाली बसायची, कधी आपोआप वर चढायची. थ्रॉटल एकदा वाजवून सोडला की रेस खाली यायला चार-पाच सेकंद लागायचे.

तो म्हणाला, "आता कॉक बंद कर आणि थांब. गाडी बंद करू नकोस."

पेट्रोल कॉक बंद केला. मिनिटभर काही नाही. मग कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपत आलं तसा आवाज पातळ झाला, रेस आपोआप वर चढत गेली आणि गाडी बंद पडली.

"ऐकलंस? पेट्रोल संपताना प्रत्येक टू-स्ट्रोक अशी चढते. तुझी कॉक उघडा असतानाच चढतेय. ती हवा घेतेय कुठून तरी. कार्बोरेटरला हात लावू नकोस, आधी हवा शोध."

हे मी इथे मुद्दाम लिहितेय, कारण ही तपासणी फुकट आहे आणि कुणालाही करता येते. स्वतःच्या गाडीचा हा शेवटचा आवाज एकदा नीट ऐकून ठेवा. नंतर कधी तोच आवाज भरल्या टाकीत आला, तर स्क्रू फिरवायच्या आधी थांबा.

फोर-स्ट्रोक गाडीत क्रँकच्या खोलीत नुसतं ऑइल असतं, म्हणून तिथे थोडी हवा शिरली तरी लगेच मोठं काही बिघडत नाही. टू-स्ट्रोकमध्ये कार्बोरेटरमधून आलेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी पिस्टनच्या खाली, क्रँकच्या खोलीत येतं. पिस्टन खाली येताना ते दाबलं जातं आणि ब्लॉकमधल्या वाटांनी वर जातं. म्हणजे ती खोली हाच तिचा पंप. या खोलीतून क्रँकची दोन टोकं बाहेर निघतात, एक मॅग्नेटकडे (ठिणगीसाठी वीज तयार करणारं फिरतं चाक), एक क्लचकडे, आणि दोन्हीकडे एकेक रबरी सील असतं. क्लचकडचं सील गेलं तर इंजिन गिअर ऑइल ओढायला लागतं. सायलेन्सरमधून थांबता थांबत नाही असा पांढरा धूर येतो आणि गिअर ऑइल कमी होत जातं. ते पटकन कळतं. मॅग्नेटकडचं सील गेलं तर बाहेरची कोरडी हवा ओढली जाते. धूर नाही, गळती नाही, उलट पिकअप थोडा बरा झाल्यासारखा वाटतो. म्हणून ते घातक.

हवा शोधायची तर इंजिन बंद करून, आत दाब भरून, तो टिकतो का बघावं लागतं. त्यासाठी तयार किट मिळतात. पण मला आठवली मामीची पेटी. मामी नर्स होती, आणि तिच्याकडे पाऱ्याचं जुनं बीपी मशीन अजून आहे. रबरी फुगा, त्याला हवा सोडायचा स्क्रू, आणि ३०० पर्यंत खुणा असलेली पाऱ्याची नळी. पाऱ्याचे २६० मिलिमीटर म्हणजे साधारण ५ पीएसआय, आणि या तपासणीला एवढाच दाब लागतो. जास्त दिला तर चांगली सीलंही निसटतात.

"हळू दाब, पारा बाहेर नाही आला पाहिजे, विषारी असतो," एवढंच बजावून मामीने पेटी दिली.

रविवारी सकाळी बसले. सायलेन्सर काढला. त्याच्या जागी ब्लॉकवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि त्यावर ॲल्युमिनियमची पट्टी घट्ट आवळली. कार्बोरेटर काढून त्याच्या रबरी नळीत जाड बूच बसवलं, बुचातून बीपी मशीनची नळी आत. ऑइल पंपाकडून येणारी बारीक नळी काढून तिथलं तोंड बंद केलं. प्लग जागेवर. मॅग्नेटचं झाकण काढून ठेवलं. पिस्टन पार खाली आणला, म्हणजे वरची-खालची जागा एक होते आणि सगळं इंजिन एकदम तपासलं जातं.

फुगा दाबत गेले. ६०, १२०, २००, २६०. हात काढला. चांगल्या इंजिनात पारा काही मिनिटं तिथेच उभा राहायला हवा. आमचा पारा डोळ्यांदेखत उतरायला लागला. चाळीस सेकंदांत १९०.

आधी मी माझ्याच बुचांवर साबणाचं पाणी लावलं. ही पायरी चुकवू नका. ट्यूबच्या तुकड्याखालून थोडी हवा येत होती, ती आणखी आवळून बंद केली. पुन्हा २६०. आता उतरायला जास्त वेळ लागला, पण उतरला. मग ब्रशने हेडच्या पॅकिंगवर पाणी: काही नाही. ब्लॉकच्या खालच्या पॅकिंगवर: काही नाही. रबरी नळीच्या सांध्यावर: काही नाही. शेवटी मॅग्नेटच्या मागे, प्लेटच्या फटीत, पाणी खाली ओघळू दिलं.

तिथे फेस आला. आधी एक बुडबुडा, डाळीच्या दाण्याएवढा, तो फुटला. मग त्याच जागी दुसरा. मग बारीक फेसाची एक रांग फटीतून हळूहळू बाहेर येत राहिली, दूध उतू जाण्याआधी कडेला येतो तशी. दोन जाम, एक बोअर, एक पिस्टन किट, आणि कारण इथे होतं. मी तशीच जमिनीवर बसून बघत राहिले. लेकाला हाक मारून दाखवलं.

पुलर लावून मॅग्नेट काढला. मॅग्नेट हातोडीने काढू नका, क्रँक वाकतो. त्याची अर्धगोल चावी वेगळ्या डबीत ठेवली. प्लेट काढली. मागे सील दिसलं. मूळचंच असावं, चौतीस वर्षांचं. रबर इतकं कडक झालं होतं की नख उमटेना. क्रँकला चिकटून असायला हवी ती ओठाची कड एका बाजूला झिजून चपटी झाली होती. बदलण्याआधी क्रँक हाताने वर-खाली हलवून पाहिला, डायल गेजही लावला. बेअरिंग गेलेलं असेल तर नवं सील महिन्याभरात खातं, मग इंजिन उघडण्याला पर्याय नसतो. आमचं बेअरिंग ठीक होतं.

सील आणायला नाना पेठेत गेले. तिथल्या दुकानांत टू-स्ट्रोकचं सामान अजून मिळतं, फक्त जुना नग हातात घेऊन जावं आणि त्यावरचा नंबर ताडून घ्यावा. दुकानदाराने दोन सीलं समोर ठेवली. एकाचा ओठ हाताला मऊ आणि सारखा लागत होता, दुसऱ्याच्या कडेला साच्याचं रबर राहिलेलं होतं. पहिलं घेतलं. दीडशे रुपये. बसवताना ओठाला ग्रीस, बाहेरच्या कडेला सारख्या मापाचा सॉकेट ठेवून, चारही बाजूंनी थोडं थोडं ठोकत.

पुन्हा फुगा. २६०. चहा करून आले. २५५.

मग मात्र बोअर करून घेतला, पंच्याहत्तरचा पिस्टन टाकला, आणि गॅरेजमध्ये फिरवलेले दोन्ही स्क्रू मूळ जागी आणले. सायलेन्सरची आतली नळीही काढून कार्बन साफ केला. ती नळी कापून आवाज मोठा करणाऱ्यांना माझी विनंती आहे की तसं करू नका. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर नुसता आवाज कमी करत नाही. त्याच्या आकारामुळे दाबाची लाट परत फिरते आणि बाहेर निसटणारं ताजं मिश्रण पुन्हा ब्लॉकमध्ये ढकलते. आणखी एक, आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्यात ऑक्सिजन असल्यामुळे मिश्रण आणखी पातळ होतं, म्हणून मी मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं मुख्य छिद्र) एक नंबर मोठा टाकलाय. इथेनॉल पाणीही ओढतं. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवते.

रनिंग-इनचे, म्हणजे नवा पिस्टन रुळेपर्यंतचे, पाचशे किलोमीटर सावकाश केले. मग एका सकाळी पुन्हा कात्रजचा जुना घाट. बोगद्याशी थांबले, इंजिन लगेच बंद करून प्लग काढला. टोकाचं चिनी मातीचं आवरण चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं तपकिरी, म्हणजे मिश्रण बरोबर.

परतताना मामाकडे गेले. तो काठी घेऊन खाली उतरला. गाडी आयडलिंगला होती, एका जागी बसलेली, टपटपत. मी थ्रॉटल वाजवून सोडला, रेस लगेच खाली आली. त्याने टाकीवर हात ठेवला, वाकून कॉक बंद केला आणि तसाच उभा राहिला. मिनिटभर आवाजात काही फरक नाही. मग शेवटी ती चढली, त्याने माझ्याकडे पाहून मान हलवली, आणि गाडी बंद पडली.

"मामीची पेटी आणलीस का?" त्याने विचारलं.