शाब्लीच्या द्राक्षमळ्यांखालचे शिंपले

पॅरिसहून शाब्लीला, फ्रान्समधल्या पांढऱ्या वाईनच्या या छोट्या गावाला, आलो ते खरंतर वाईनसाठी, पण इथे मी जास्त वेळ जमिनीकडेच बघत होतो. सेरँ नदीच्या उजव्या काठावर एकच टेकडी आहे, नैऋत्येकडे तोंड करून, आणि शाब्लीचे सातही ग्रां क्रू, म्हणजे सर्वात वरच्या दर्जाचे, मळे त्याच उतारावर. पायवाटेवरचा एक राखाडी-पांढरा ढेकूळ उचलला तर त्यात नखाएवढे वाकडे शिंपले अक्षरशः खच्चून भरलेले! साधारण १५ कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ, कोमट समुद्र होता, त्यातल्या छोट्या ऑयस्टरचे हे जीवाश्म, म्हणजे डायनोसॉरच्या काळातले. सह्याद्रीतल्या लाव्हाच्या काळ्या दगडावर वाढलेल्या माणसाला हे बघून वेड लागायचंच बाकी राहतं.

या चुनखडी-चिकणमातीच्या थराला किमरिजियन म्हणतात. त्याच्या वर, पठारावर, कडक आणि वयाने थोडा तरुण चुनखडक आहे, तिथे बहुतेक पेती शाब्ली ही खालच्या दर्जाची वाईन होते, ती स्वस्त. द्राक्ष मात्र सगळीकडे एकच, शार्दने.

आता टेस्टिंगला गेलं की सगळे सांगतात वाईनमध्ये शिंपल्यांची चव उतरते वगैरे, पण तसं काही होत नाही हो, मुळं दगडाची चव शोषत नाहीत, फरक पडतो तो पाण्याचा निचरा, उतार, ऊन आणि इथल्या थंडीचा, एप्रिलमध्ये कोंबांवर हिम पडू नये म्हणून रात्रभर मळ्यात शेगड्या पेटवतात. तरी ग्रां क्रूचा एक घोट घेतला आणि मीही म्हणालो, खारट लागतंय की थोडं!