ऑगस्टमध्ये स्कीवाले काय करतात

खरं सांगू? कुरकुर करतात. उरलेल्या वेळात गराजमधलं सामान बाहेर काढतात, पुसतात, परत आत ठेवतात आणि कुठली कंपनी कुणी घेतली, कुठली बुडाली, यंदा बूट कितीला पडणार याच्या गप्पा हाणत बसतात. मी रेडमंडला राहते, सिअ‍ॅटलच्या बाजूला, आणि आमच्या स्की ग्रुपवर सध्या बर्फाचे फोटो कमी आणि धंद्याच्या बातम्याच जास्त आहेत, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकू.

आधी बॅककंट्री म्हणजे काय ते पटकन, कारण मागच्या फोनवर मावशीने विचारलंच, "अगं, लिफ्ट असताना चालत कशाला वर जायचं?" तर रिसॉर्टमध्ये तिकीट काढून लिफ्टने वर जातात आणि घसरत खाली येतात. बॅककंट्रीत लिफ्ट नाही, तिकीट नाही, कुणी बॉम्ब टाकून धोकादायक बर्फ आधीच पाडून ठेवलेला नाही. स्कीच्या तळाला स्किन्स चिकटवायच्या, म्हणजे केसाळ पट्ट्या, ज्या पुढे सरकतात पण मागे घसरू देत नाहीत, आणि तीन-चार तास धापा टाकत वर जायचं. वर गेल्यावर त्या फराफरा ओढून काढायच्या आणि पंधरा-वीस मिनिटांत खाली. मावशीचा प्रश्न तरीही कायम आहे ते सोडा.

आता इथे वॉशिंग्टनमध्ये एक वेगळंच वेड आहे, बाराही महिने दर महिन्याला एकदा तरी स्की करायची. लोक वर्षानुवर्षं हा नेम पाळतात, मूल झालं तरी, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन परत आले तरी. ऑगस्ट-सप्टेंबर हे त्यातले सगळ्यात छळणारे महिने. माउंट रेनियरवर पॅराडाइजला गाडी लावायची (उंची ५,४०० फूट), स्की पाठीवर बांधायची, फुलं बघायला आलेल्या टुरिस्टांच्या गर्दीतून स्कीबूट हातात घेऊन चालायचं, आणि पेबल क्रीकच्या पुढे कुठेतरी म्यूर स्नोफील्ड सुरू होतं ते थेट १० हजार फुटांवरच्या कॅम्प म्यूरपर्यंत. वाटेत निदान दहा जण विचारणार, वर बर्फ आहे का हो? आहे, पण कसला! उन्हाने वितळून वितळून बर्फभर सन कप्स पडलेले असतात, म्हणजे अख्खा डोंगर अप्पेपात्रासारखा, आणि त्यावरून स्की करताना दात वाजतात. यात मजा आहे असं मी नवऱ्याला तरी पटवू शकलेले नाही.

ज्यांना एवढं चालायचं नसतं ते ऑरेगनला माउंट हूडवर टिंबरलाइनला जातात, तिथली पामर लिफ्ट उन्हाळ्यातही चालते आणि बर्फ घट्ट राहावा म्हणून त्यावर चक्क मीठ टाकतात. पैसेवाले चिली नाहीतर न्यूझीलंड गाठतात, तिकडे हाच भर हिवाळा. आणि काराकोरममध्ये तर मोठ्या डोंगरांचा सीझनच हा. पोलंडच्या आंद्रेय बार्गेलने के-टू च्या माथ्यावरून स्कीने खाली येण्याचा पराक्रम केला तो जुलैमध्येच, २०१८ साली, आणि त्याआधी ते कुणालाच जमलं नव्हतं. तेव्हा ऑफ-सीझन हा शब्द आमच्यासारख्या नोकरदारांसाठी.

बरं, धंद्याचं. २०२५ च्या उन्हाळ्यात सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते टॅरिफने, म्हणजे अमेरिकी सरकारने परदेशी मालावर लावलेल्या करांनी. इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तेव्हा भारतावरच्या ५० टक्क्यांचीच चर्चा होती, ते बरोबरच होतं, पण स्कीवाल्यांचा जीव अडकला होता युरोपात. टूरिंगचे, म्हणजे बॅककंट्रीत चालत वर जायचे, चांगले बूट इटलीत बनतात, स्कार्पा असोलोची, ला स्पोर्तिव्हा ट्रेंटोच्या डोंगरातली. स्की बऱ्याचशा ऑस्ट्रियाच्या. युरोपियन युनियनच्या मालावर १५ टक्के ठरले, आणि स्वित्झर्लंडवर ७ ऑगस्ट २०२५ पासून तर ३९ टक्के लागले होते! पोमोकाच्या स्किन्स स्विस आहेत, म्हणजे आधीच महाग असलेली केसाळ पट्टी अजून महाग होणार की काय अशी तेव्हा धास्ती होती. यात गोची अशी की दुकानदार पुढच्या हिवाळ्याची ऑर्डर आदल्या हिवाळ्यातच देऊन बसतो, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, आणि माल येतो ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. मधल्या काळात सरकारने आकडा बदलला की कंटेनर समुद्रात असतानाच हिशोब कोलमडतो, आणि तो फरक कंपनीने खायचा, दुकानदाराने की गिऱ्हाइकाने यावर भांडणं. माझ्या ओळखीच्या दुकानदाराने त्या वर्षी सरळ कमी माल मागवला, म्हणाला गोडाऊनमध्ये पडून राहण्यापेक्षा नोव्हेंबरमध्ये संपलेला बरा.

दुसरी बातमी जुलै २०२५ मधली. ब्लॅक डायमंड या डोंगरातलं सामान बनवणाऱ्या कंपनीची मालक कंपनी क्लॅरसने पीप्स विकून टाकली. पीप्स म्हणजे ऑस्ट्रियाची बीकनवाली कंपनी. बीकन हे छातीला बांधायचं यंत्र, ४५७ किलोहर्ट्झवर सतत सिग्नल पाठवतं, आणि कुणी हिमस्खलनात गाडलं गेलं की बाकीचे आपापली यंत्रं सर्चवर टाकून त्याला शोधतात. तर याच पीप्सच्या डीएसपी मालिकेतल्या बीकन्सचं २०२१ मध्ये रिकॉल झालं होतं, कारण त्यांचा स्विच सेंडवरून, म्हणजे सिग्नल पाठवायच्या जागेवरून, आपोआप सरकण्याचा धोका होता. म्हणजे तुम्ही बर्फाखाली, आणि यंत्र गप्प. त्या प्रकरणात लोक जेवढे चिडले तेवढे मी या शांत जमातीला चिडलेलं कधी पाहिलं नाही. त्यामुळे विक्रीची बातमी आली तेव्हा ग्रुपवर कुणाला आश्चर्य वाटलं नाही. (जाता जाता, बीकनमधले सेल उन्हाळ्यात काढून ठेवा. गळले की आतले पॉइंट खातात.)

पण मला खरं बोलायचंय ते जुन्या एका बातमीबद्दल, कारण ती अजून माझ्या डोक्यातून जात नाही. मार्च २०२० मध्ये कोविडने रिसॉर्ट्स एका झटक्यात बंद पडले आणि सगळी दुनिया बॅककंट्रीकडे वळली. दुकानांत टूरिंगचे बूट मिळेनात. कंपन्या खूश, आता हा खेळ असाच वाढत राहणार म्हणून भरभरून माल बनवला. पुढच्याच हिवाळ्यात, म्हणजे २०२०-२१ ला, अमेरिकेत ३७ माणसं हिमस्खलनात गेली. ६ फेब्रुवारी २०२१ ला युटामध्ये मिलक्रीक कॅन्यनला एकाच स्लाइडमध्ये चार जण. आणि ते काही नवखे नव्हते, म्हणजे सगळा दोष नवशिक्यांवर ढकलता येत नाही.

त्याच सुमारास कोलोरॅडोत दोघांनी ब्लूबर्ड बॅककंट्री नावाचा प्रयोग सुरू केला. क्रेमलिंग आणि स्टीमबोट स्प्रिंग्जच्या मधे, बेअर माउंटनवर. स्की एरिया आहे पण लिफ्टच नाही! आपल्या पायांनी वर जायचं, पण डोंगर तपासलेला, स्की पट्रोल, म्हणजे मदत-बचाव करणारी माणसं, हजर, भाड्याने सामान, आणि शिकवायला माणसं. मला कल्पना भयंकर आवडली होती, कारण नवीन माणसाला बॅककंट्रीत सगळ्यात मोठी अडचण सामानाची नसतेच, चुकायला सुरक्षित जागा नसते ही असते. आपल्याकडे सह्याद्रीत निदान ट्रेकिंग क्लबवाले जुनेजाणते हाताला धरून शिकवतात, फुकट किंवा चहाच्या पैशात. इथे एकतर तीन दिवसांच्या कोर्सला शेकडो डॉलर भरा नाहीतर मित्राच्या मागे मागे जा आणि त्याला कळत असेल असं समजा.

तर ते ब्लूबर्ड जून २०२३ मध्ये बंद झालं. हिवाळ्यात नाही, उन्हाळ्यात, या खेळातल्या वाईट बातम्या बहुतेक उन्हाळ्यातच येतात कारण हिशोब तेव्हाच लागतात. पैसे पुरेनात. आता बघा ना, जे लोक ८०० डॉलरचे बूट न बघता घेतात तेच लोक फुकटच्या डोंगरासाठी दिवसाचं तिकीट काढायला तयार नव्हते, आणि डोंगर फुकटच असतो हे त्यांचं म्हणणंही मला खोडता येत नाही. शंभर ग्रॅम हलकं बाइंडिंग (बूट स्कीला अडकवायचा भाग) विकणं सोपं, कधी परत फिरायचं ते शिकवणं विकलं जात नाही. या धंद्याचा उजेड एवढाच आहे आणि मी तरी त्यामुळे नवीन मॉडेलच्या घोषणा वाचणं जवळजवळ सोडलंय.

हो, ऑलिंपिकचं राहिलं. फेब्रुवारी २०२६ ला मिलानो-कोर्तिनाच्या ऑलिंपिकमध्ये स्की माउंटेनियरिंग पहिल्यांदाच आलं, बोर्मिओला, स्प्रिंट आणि मिक्स्ड रिले. स्प्रिंट म्हणजे तीन-साडेतीन मिनिटांचा खेळ, लायक्रा घालून पळत वर, स्कीवरून खाली. आमच्यातले म्हातारे नाकं मुरडतात, याला डोंगर म्हणतात का वगैरे. मला मात्र ते बघायचंच होतं. आज आपण जे हलकं पिनवालं बाइंडिंग वापरतो ते ऑस्ट्रियातल्या टायरॉलच्या फ्रिट्झ बार्थेलने १९८० च्या दशकात बनवलं तेव्हा त्यालाही लोकांनी खेळणं म्हटलंच असणार.

आता कामाचं. आमच्या मंडळातली एक मुलगी यंदा सुरू करतेय, नाशिकची आहे, पायाने दणकट, मी तिला सांगितलंय की स्की भाड्याची चालेल पण अ‍ॅव्हलांचचा, म्हणजे हिमस्खलनाचा, कोर्स आधी बुक कर, डिसेंबरच्या तारखा लवकर भरतात. तिला बूट हवेत, साइज २४.५, जुने चालतील, पिनवाल्या बाइंडिंगला बसणारे. सिअ‍ॅटल-बेलव्ह्यूच्या आसपास कुणाकडे पडून असतील तर कळवा, ऑक्टोबरच्या स्की स्वॅपपर्यंत, म्हणजे जुन्या सामानाच्या बाजारापर्यंत, थांबायची तिची तयारी नाहीये.